सात टाक्यांचं घर

नाही, नाही, ते खोड आधी. ‘आजीला लहानपणापासूनच विणकामाची आवड होती’ म्हणे! आवड कसली डोंबलाची? सुया हातात दिल्या की मला रडू यायचं. असं लिही, की आजीला विणकाम तिच्या अक्कानं मारूनमुटकून शिकवलं. मारून म्हणजे खरंच मारून. सुईचं बोथट टोक गुडघ्यावर टच्‌कन बसायचं. हसतेस काय, लिही. तुमच्या त्या विणकामाच्या वर्गातल्या बायका अंक काढणार ना, ‘माझा पहिला स्वेटर’ म्हणून? मग खरं तेच छापा. आणि मी मधेच इकडचं तिकडचं बोलेन, ते गाळू नकोस. मला शाळा नाही, आधी काय आणि मग काय असं रांगेत लावून सांगता येत नाही.

तर आमची अक्का. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आई सतत आजारी, म्हणून घर अक्काच्याच हातात. आणि तिची एक बोलायची तऱ्हा होती बघ. सरळ बोलायचीच नाही. सगळं धमकी दिल्यासारखं. “भांडी विसळल्याशिवाय खिडकीशी जाऊ नकोस.” “वेणी घातल्याशिवाय माझ्यासमोर येऊ नकोस.” एकदा मला ताप आला होता, तर उशाशी बसून म्हणते, “बरी झाल्याशिवाय माझ्याशी बोलू नकोस!” आता तापात पडलेल्या पोरीला कुणी असं म्हणतं का? पण कपाळावरचा हात तिनं संध्याकाळपर्यंत काढला नव्हता.

खाली छापखाना आणि वर आमच्या दोन खोल्या. आबा, म्हणजे माझे वडील, त्याच छापखान्यात कागद कापायचे. मोठं पातं होतं, ते खाली आलं की वर आमची जमीन थरथरायची, ताटातली चमची हलायची. पाहुणे दचकायचे. आम्ही नाही. पातं थांबलं की मात्र आम्हाला कळायचं, आबा जिन्यावर निघाले, सगळं आवरा. आबांना कागदाची थप्पी नुसती अंगठ्यानं फरफरवली की कळायचं किती पानं आहेत. माणूस तसा वाईट नव्हता. पण बोलला की कापल्यासारखं, एका घावात. मागं घेणं नाही.

आता मुद्द्याचं ऐक. मला मोजता येत नव्हतं. विसापर्यंत यायचं, पुढं गडबड. अक्कालाही कुठं येत होतं! मग तिनं एक युक्ती काढली. घरातली माणसं मोजायची. आजी, आबा, आई, दादा, अक्का, मी, चिंगी. आजी म्हणजे माझी आजी, आणि चिंगी म्हणजे आमची सगळ्यात धाकटी. एका नावाला एक टाका. चिंगीपर्यंत आलं की सात टाके झाले. त्याला आम्ही म्हणायचो एक घर झालं. घर झालं की आबांच्या छापखान्यातला कागदाचा एक कपटा बाजूला ठेवायचा. पाठीला इतके कपटे, पुढच्या एका बाजूला इतके, बाहीला इतके. मोठ्या माणसाच्या पाठीला सोळा घरं. बास. ना पाटी, ना पेन्सिल. आणि चुकायचं नाही, कारण घरातलं माणूस कोण विसरतं? सुया चालवताना आमचं तोंड चालायचं, “आजी आबा आई दादा अक्का मी चिंगी, आजी आबा आई दादा...” शेजारणी म्हणायच्या, या पोरी जप करतात की काय!

अशा रीतीनं शिकले. सुलट, उलट. एक सुलट एक उलट घालून खालची पट्टी. टाका सुटला की तो कसा पळतो खाली, आणि सुईच्या टोकानं त्याला पायरी पायरी वर कसा आणायचा. सगळं अक्कानं शिकवलं. तिनं आजीला शाल केली, दादाला दोन स्वेटर केले, चिंगीला टोपी केली. स्वतःच्या अंगात आईचा जुना, कोपरं गेलेला. मी म्हटलं, “अक्का, तुला कर ना एक.” तर म्हणे, “घरातलं प्रत्येक माणूस झाल्याशिवाय मला करायचा नाही.” आणि माणसं काही संपेनात. चिंगी तर दर वर्षी वाढायची.

मग ती गेली. कुणाबरोबर पळून बिळून नाही हां, तसं काही मनात आणू नकोस, आणि छापूही नकोस. कामाला गेली. बसनं चार तासांवर मोज्यांचा कारखाना होता. तिथं यंत्रावर बायका घेत होते, राहायला खोली देत होते. दादाला कुठं धड काम नव्हतं, आईचं औषधपाणी. अक्का म्हणाली, मी जाते. आबा म्हणाले, “माझी मुलगी एकटी परगावी राहणार नाही.” ती म्हणाली, “मी मोजे विणायला चाललेय आबा, तुमचं नाक कापायला नाही.” झालं. ते वाक्य आबांना लागलं. “गेलीस तर या घरात तुझं नाव निघणार नाही,” म्हणाले. एका घावात. आणि ती गेली. सकाळी, माझ्या डोळ्यांदेखत, पत्र्याची पेटी घेऊन. जिन्यात वळून मला म्हणाली, “रडणं थांबल्याशिवाय नाक पुसू नकोस, उगाच दोनदा पुसावं लागेल.”

मी सतरा वर्षांची होते. ती मोज्यांकडे गेली आणि मोजायला मागं मी राहिले, असा विनोद मी नंतर खूपदा केला. तेव्हा नाही सुचला.

नाव निघायचं नाही म्हणजे खरंच नाही निघायचं. आई चुकून “अक्क...” म्हणायची आणि खोकायची. आजीला ऐकायला कमी यायचं, पण ते नाव बरोबर ऐकू यायचं, आणि आबा घरात असले की ती डोळे मोठे करायची. सुरुवातीला मला जीभ चावून गप्प राहावं लागायचं. मग जीभ चावावी लागेना. त्याचं कसं होतं, माणूस गेल्याचं दुःख असतं ते राहतंच गं, पण तोंडाला मात्र सवय होते. तोंड फार लबाड असतं.

दोन वर्षं झाली. मधे दादाचं लग्न झालं, वहिनी आली. वहिनी माझ्याच वयाची, हसरी, खोडकर. आमच्या घराच्या कोपऱ्यावर एक शिंपी होता, त्याला आम्ही मामा म्हणायचो. नात्यातला नव्हता, कपडे शिवून शिवून मामा झाला होता. तो दोरे आणायला महिन्यातून एकदा अक्काच्या गावी जायचा. एक दिवस त्यानं मला दुकानात बोलावलं आणि फळीखालून पिशवी काढली. आत लोकर! गडद जांभळी, पिकलेल्या जांभळासारखी. कारखान्यात उरलेली, वेगवेगळ्या लडीतली, पण रंग एकच. अक्कानं वर्षभर जमवली होती. मी लडी नाकाला लावली. तेलाचा वास येत होता, यंत्राच्या. अक्काचा काही येत नव्हता.

मामा म्हणाला, “तुझ्या बहिणीचा निरोप आहे. म्हणाली, स्वतःला कर. दुसऱ्या कुणाला केलास तर तंगडी मोडीन.”

“आणखी काय म्हणाली?”

“म्हणाली, बटणांचा कर. डोक्यातनं घालायचा नको, तिचं डोकं मोठं आहे.”

आहे का गं माझं डोकं मोठं? नाही ना? बघ!

तर घरी मी सांगितलं, शिंपीमामाच्या गिऱ्हाइकाचं काम आहे. लोकर कुठून आली हे सांगायची सोय नव्हती. आता या खोटेपणाचा परिणाम बघ हं, तुमच्या वर्गातल्या बायकांना हे कळेल. स्वेटर दुसऱ्याचा म्हटल्यावर तो मला स्वतःच्या अंगाला लावून बघता येईना. आणि सुईवर विणलेलं गोळा होऊन बसतं, रुंदीचा अंदाज येत नाही. मी आपली मोजायची, कपटे ठेवायची आणि विणत राहायची. पण काय सांगू, काय सुख होतं ते! आधी मांडीवर नुसती पट्टी. मग वीतभर. मग एवढं होतं की मांडी ऊबदार राहते. थंडीचे दिवस, खिडकीच्या फटीतून वारं यायचं, आणि तो होऊ घातलेला स्वेटर अंगात जायच्या आधीच मला ऊब द्यायला लागला. सगळ्यांसाठी विणताना हात चालतात. स्वतःसाठी विणताना असं वाटतं, कुणीतरी आपल्यासाठी करतंय.

चुका? चुका तर विचारू नकोस. पुढच्या दोन बाजू मी दोन्ही डाव्याच केल्या! बाही लावायचा मुंढा दोन्हीकडे एकाच अंगाला. वहिनी म्हणाली, “या गिऱ्हाइकाला उजवा हात नाही का गं?” उसवून परत केली एक. एका बाहीत मधेच टाका सुटला, बोटभर खाली गेल्यावर दिसला. काजं घालायची तर एक मोठं, एक लहान. मामानं बटणं दिली होती, पाच, शिंगाची.

पाठ झाली, दोन्ही पुढं झाली, बाह्या झाल्या. तेवढ्यात मामा परत अक्काच्या गावी जाऊन आला, आणि निरोप घेऊन आला. अक्का तिथला कारखाना सोडून आणखी लांब चालली होती, दुसऱ्या मोठ्या कारखान्यात, कायमची. “महिन्याच्या शेवटच्या दिवशी बारा वाजता तिची बस इथल्या स्टँडवर येते. अर्धा तास थांबते. म्हणाली, तिला म्हणावं स्वेटर घालून ये. स्वेटर घातल्याशिवाय येऊ नकोस.”

मधे बारा दिवस होते. मी म्हटलं, मला काय, नुसतं शिवायचं राहिलंय. दुपारी आबा खाली कामावर, आजी झोपलेली. मी आणि वहिनीनं दार लावलं. खांदे जोडले, बाजू शिवल्या, बाह्या लावल्या. मी घातला. आणि पुढून बंदच होईना!

बंदच होईना गं! चार बोटं फट! मी पोट आत घेते, वहिनी दोन्हीकडून ओढते. वहिनी हसून हसून खाली बसली. “गिऱ्हाईक जेवलं वाटतं मधल्या काळात!” मग माझा चेहरा बघितला आणि तिला कळलं. “तुझाच आहे होय हा? आणि तू मला सांगितलं नाहीस?” मी सगळं सांगितलं. लोकर, निरोप, बस, सगळं.

ती म्हणाली, “मोजलेस कसे टाके? माझ्यासमोर मोज.” मी पाठीच्या खालच्या पट्टीवर बोट ठेवलं आणि मोजायला लागले. आजी, आबा, आई, दादा, मी, चिंगी. आजी, आबा, आई, दादा, मी, चिंगी.

वहिनी बोटांवर धरत होती. म्हणाली, “हे सहाच होतात. तू तर म्हणालीस सातांचं घर.”

अक्का राहिली होती, पोरी. मी मुद्दाम केलं असतं, आबांच्या भीतीनं केलं असतं, तर चाललं असतं. मला माहीतही नव्हतं! पूर्ण स्वेटरभर, प्रत्येक घरातून मी तिला वगळून पुढं गेले होते. तिनं पाठवलेल्या लोकरीतून. दादाच्या पुढं एकदम मी. जशी काही मधे कुणी नव्हतीच.

वहिनी गरीब बिचारी, मला समजवायला म्हणाली, “अगं, मग माझं नाव घाल की! मी पण घरातलीच आहे. सात होतील.” चांगल्या मनानं म्हणाली. पण माझ्या तोंडून “नाही!” असं काही निघालं की तिचा चेहरा पडला. नंतर मी तिची माफी मागितली. आठव्या जागी तुला घालीन म्हटलं, म्हातारी होऊन जाड होईन तेव्हा. पण त्या दिवशी ती दुखावली ते दुखावलीच.

तरी तीच म्हणाली, “ऐक माझं. असाच घालून जा. वर हात धर घडी घालून, कुणाला कळतंय? अर्धा तास तर भेटायचंय.”

शहाणी होती ती. पण मी कशी जाणार? अक्काला एका नजरेत कळलं असतं. दुसरं कुणी म्हणालं असतं, अंदाज चुकला. ती चार बोटांची फट बघून तिनं मनात घरं मोजली असती, आणि तिला बरोब्बर समजलं असतं कोण कमी पडलंय. आणि वर तिचा निरोप, घातल्याशिवाय येऊ नकोस. मी तो अक्षरशः धरून बसले. एकोणीस वर्षांची होते, पण अक्कल तेवढी नव्हती. बाह्या घरं मोजून केल्या नव्हत्या, त्यांचं माप गुपचूप दोऱ्यानं हातावरून काढलं होतं, त्या ठीक होत्या. त्या ठेवल्या. बाकी सगळं उसवलं.

उसवणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच कळतं. महिनाभराचं काम सरसर निघून येतं. आणि निघालेली लोकर कुरळी, म्हाताऱ्या माणसाच्या भुवईसारखी. तशी विणली तर टाके वेडेवाकडे येतात. तिच्या लड्या करायच्या, धुवायच्या, खाली वजन बांधून टांगायच्या, वाळेपर्यंत थांबायचं. थंडीत लोकर वाळते का लवकर? तीन दिवस गेले. मी दर घटकेला जाऊन लडी दाबून बघायची. वहिनी म्हणाली, “तू बघितलंस म्हणून ती लवकर नाही वाळणार.”

वाळली. मग गुंडे करायचे. त्याला समोर कुणीतरी दोन हातांवर लडी धरून बसावं लागतं. वहिनी बाहेर गेलेली, चिंगी शाळेत. चिंगीला तेवढी शाळा मिळाली. आबा त्या दिवशी घरी होते, छापखान्याचं पातं धारेला गेलं होतं म्हणून. मी खुर्चीच्या पाठीला लडी अडकवून झटापट करत होते. त्यांनी जरा वेळ बघितलं, मग समोर येऊन बसले आणि दोन्ही हात पुढं केले. मी लडी त्यांच्या हातात घातली. कागद कापून कापून त्यांच्या बोटांना बारीक चिरा असायच्या, लोकर त्यात अडकायची.

गुंडा झाला. ते उठले नाहीत. मी सुया घेतल्या, त्यांच्यासमोरच टाके घालायला लागले. पुटपुटत. आजी, आबा, आई, दादा... आणि थांबले. तोंड उघडं, सुई अधांतरी.

आबा म्हणाले, “थांबलीस का? पुढं मोज.”

मी म्हटलं, “अक्का.”

खालून छापखान्यातली माणसं काहीतरी ओढत होती, त्याचा आवाज येत होता. आबा आपल्या हातांकडे बघत होते. मग म्हणाले, “हं. पुढं.”

“मी. चिंगी.”

सोळाच्या सोळा घरं मी मोठ्यानं घातली. सोळा वेळा तिचं नाव घेतलं. आजी आत झोपली होती ती उठून दारात आली आणि तिथंच उभी राहिली. आबांनी सोळा कपटे एकेक करून स्वतः बाजूला ठेवले, कोपरे जुळवून, छापखान्यात ठेवतात तसे.

आता राहिले किती दिवस? सात. सात दिवसांत पाठ आणि दोन पुढं. तुम्ही आजकाल जाड सुया घेऊन दोन दिवसांत करता. माझ्या सुया बारीक, छत्रीच्या काडीच्या, दादानं घासून दिलेल्या. मी उठता बसता विणलं. बोटाला खड्डा पडला. वहिनीनं माझ्या वाटचं सगळं काम केलं, आणि रोज एकदा म्हणाली, “नाही झाला तर तशीच जा हं, वेडे.” मी म्हणायची, होणार.

शेवटच्या दिवशी सकाळी जोडणी चालू होती. खांदे झाले, एक बाही लागली. दुसरी लावताना बघते तर उलटी लावलेली, शिवण बाहेर. घाईनं हे असं होतं. ती काढली, परत लावली. वहिनी बटणं लावत होती. साडेअकरा झाले. पावणेबारा. वहिनी ओरडली, “जा आता, एक बटण राहू दे!” मी म्हटलं, लाव. तिनं लावलं. मी घातला. पाचही बटणं लागली. खांद्यावर बसला, बाही मनगटापर्यंत आली, गळ्याशी टोचलं नाही. पोरी, असा कपडा मला त्याच्या आधी कधी मिळाला नव्हता, नंतरही नाही. माझ्याच मापाचा. मी आरशातही बघितलं नाही. पळाले.

स्टँड जवळ नव्हता. पुलावरून जायचं, बाजारातून, मग चढ. घामानं नवा स्वेटर भिजला. पोचले तर फलाट रिकामा. चौकशीच्या खिडकीत एक माणूस बसला होता, समोर कप. मी म्हटलं, “बाराची बस?”

“गेली. आज वेळेच्या आधी आली, वेळेच्या आधी गेली.”

“कधी?”

त्यानं कपाला हात लावून बघितला. “अजून गरम आहे बघा. हा भरला तेव्हा सुटली.”

मी विचारलं, एक बाई उतरली होती का, उंच, पत्र्याची पेटी? तो म्हणाला, “पेटी नाही बघितली. पण एक बाई उतरली होती खरी. सगळ्या बायकांच्या अंगावरचे स्वेटर बघत फिरत होती. अगदी पुढून वाकून वाकून. मला वाटलं चोरबीर आहे. हटकणार होतो, तेवढ्यात गाडीनं हॉर्न दिला. तरी चढेना. कंडक्टरनं हाताला धरून घेतली.”

मी तिथल्या बाकावर बसले. पुढच्या सगळ्या बसमधून उतरणाऱ्या बायका बघितल्या. काय कळत होतं गं, गेलेली बस काय परत येणार? पण उठवेना. उन्हं उतरली तशी घरी आले.

आबा जिन्यातच उभे होते. पातं बंद होतं, कधी बंद झालं कोण जाणे. मी वर चढायला लागले तर त्यांनी विचारलं, “कशी दिसते?”

मला वाटलं स्वेटरचं विचारतात. मग त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. वहिनीनं सांगितलं होतं त्यांना. म्हटलं, “भेट नाही झाली, आबा. मला उशीर झाला.” ते “बरं” म्हणाले. वर येऊन नळ सोडला आणि कितीतरी वेळ नुसते हात धूत राहिले.

दादा नंतर शोधायला गेला. आबांनीच पाठवला. नव्या कारखान्याच्या फाटकावर म्हणाले, इथून बायकांची एक तुकडी आणखी पुढं गेली, कुठं ते लिहून नाही. मामा नंतर तिकडं जाईना. तिला लिहिता येत नव्हतं, मला वाचता येत नव्हतं. दोघी अंगठाबहाद्दर, कोण कुणाला पत्र टाकणार? चिंगीनं लिहिलं असतं, पण पत्ता कुठला घालणार? आबा आणखी सहा वर्षं जगले. घरात तिचं नाव रोज निघायचं, आबांच्याही तोंडून. ऐकायला ती नव्हती.

वहिनी म्हातारी होईपर्यंत मला म्हणायची, “तशीच गेली असतीस तर?” खरं आहे. तशीच गेले असते तर चार बोटांची फट घेऊन का होईना, अर्धा तास मिळाला असता. कदाचित तिनं मला सुईनं टोचलं असतं, कदाचित हसली असती. मला तेव्हा कळायला हवं होतं, ‘घातल्याशिवाय येऊ नकोस’ म्हणजे ‘ये’. आयुष्यभर तिनं मला ‘ये’ दुसऱ्या कुठल्या शब्दांत म्हटलं होतं? पण मी उसवला नसता तर आबांच्या समोर ते नाव निघालं नसतं, हेही आहे. दोन्ही पारडी धरून बसते कधी कधी. एकही खाली जात नाही.

तिला काय वाटलं असेल, तेवढंच मला छळतं बघ. तिला वाटलं असेल, धाकटी आलीच नाही. आबांच्या बाजूची झाली. किंवा स्वेटर केलाच नाही. बसच्या खिडकीतून ती केवढी मागं वळून बघत गेली असेल.

झालं का लिहून? मग आता शेवटी हे घाल, आणि हे मोठ्या अक्षरांत छापायला सांग त्यांना. वाचणाऱ्या बायांनो, तुमच्या घरात, शेजारात, एखाद्या म्हाताऱ्या बायकांच्या आश्रमात कुणी असेल, नव्वदीला टेकलेली, उंच, उजव्या भुवईच्या मधोमध जखमेची खूण, आणि धमकी दिल्याशिवाय साधं पाणी मागता येत नाही अशी, तर जरा तिच्याजवळ बसा. कानाशी, मोठ्यानं बोला. सांगा, धाकटी आली होती. बस सुटल्यावर आली, पण आली होती, आणि संध्याकाळपर्यंत बसली होती. एवढं तिला सांगा.